तळ्याला ओहोटी नसते: स्वतंत्र मराठी सिनेमा करणाऱ्या निर्माता-दिग्दर्शकांना खुलं पत्र

मित्रहो,

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असताना मला एक फोन आला. आवाज तरुण, उत्साही, पहिल्याच वाक्यात मला ताई करून टाकणारा. "ताई, एक भन्नाट विषय आहे. बजेट फारसं नाहीये, पण फेस्टिव्हलला जाणार हे नक्की. तुम्ही लिहाल का? पैशांचं आपण रिलीज झाल्यावर बघू." आणि त्याने विषय सांगितला. विषय खरोखरच भन्नाट होता. मागच्या काकू "अहो, बसायचंय की नाही?" म्हणून ओरडल्या तेव्हा कळलं की माझ्यासमोरून दोन रिक्षा भरून निघून गेल्या आहेत.

त्याला मी "विचार करून सांगते" म्हणाले. तो विचार म्हणजे हे पत्र. त्या एकट्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून भागलं असतं, पण "रिलीज झाल्यावर बघू" हे वाक्य गेल्या अकरा वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलंय की म्हटलं, सगळ्यांनाच एकदम लिहावं. मी कोण, तर ठाण्याच्या पाचपाखाडीत राहणारी एक पटकथालेखिका. घर चालतं ते मालिकांच्या संवादांवर. जीव रमतो तो तुमच्या सिनेमांत. असे चार सिनेमे मी लिहिले. त्यातले दोन शूट झाले, आणि थिएटरात लागला एक, तोही एक आठवडा, दुपारी पावणेबाराचा शो.

माझे बाबा या धंद्यातले नाहीत, तरी सुरुवात त्यांच्यापासून करते. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ च्या आतल्या बाजूला त्यांचा गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिल, दोन कामगार आणि स्वतः बाबा. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, १९६२ सालची. आता तिथे शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, पण माझ्या लहानपणी त्या रस्त्यावरून चाललं की कूलंटचा वास यायचा. बाबांचं काम म्हणजे जॉब वर्क. मोठ्या कंपनीने ड्रॉइंग द्यायचं, मटेरियल द्यायचं, यांनी पिना आणि बुश असे यंत्रांचे सुटे भाग करून द्यायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचे. एका दुपारी कंपनीचा माणूस नवं ड्रॉइंग घेऊन आला. दीडशे पिना तयार होऊन तेलाने माखलेल्या ट्रेमध्ये पडल्या होत्या, आणि आता पिनेच्या कॉलरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने बदलला होता. बाबांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कोपऱ्यात 'रेव्ह. बी', म्हणजे सुधारित ड्रॉइंग, असं लिहिलंय ते बोट ठेवून वाचलं. कानामागची पेन्सिल काढून तयार दीडशे पिनांचं चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, लिहिलं, त्या माणसाची सही घेतली, पान फाडून त्याच्या हातात दिलं. मग कोऱ्या पानावर नवा रेट. आवाज कुणाचाच चढला नाही. "जुन्या ड्रॉइंगचा माल जुन्या रेटने, नव्याचा नव्या," एवढंच बोलणं झालं, आणि मग चहा आला.

त्या माणसाने बाबांना "तुम्हाला पिनांची पॅशन नाहीये का?" असं विचारलं नाही, याचं मला आता फार अप्रूप वाटतं.

आता माझी पिन. काही वर्षांपूर्वी मी एक पटकथा लिहिली. दिग्दर्शक कॉलेजातल्या एकांकिकांच्या दिवसांपासूनचा मित्र, त्यामुळे करार मागायला मीच लाजत होते. शेवटी करार झाला. रक्कम अडीच लाख. साइनिंगला २५,०००, बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण पटकथा, दिल्यावर ५०,०००, शूटिंग सुरू होताना ७५,००० आणि रिलीजला एक लाख. सही करताना मला तो चांगला वाटला होता, हे कबूल करते.

गोष्ट कोकणातल्या एका खाडीवरची होती. एक शिक्षिका रोज ओहोटीची वेळ साधून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पलीकडच्या वाडीतल्या शाळेत जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शाळेची घंटा काही सरकत नाही. सगळा सिनेमा या पन्नास मिनिटांवर उभा होता. ती कधी पहाटे चारला निघते, कधी वाडीतच अडकून पडते, नवरा विचारतो, इन्स्पेक्शनला आलेले साहेब विचारतात, आणि उत्तर एकच, "पाणी होतं." तीन ड्राफ्ट झाले. तिसऱ्याला मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

चौथ्या ड्राफ्टला निर्मात्याने शिक्षिकेची आशा सेविका केली. "फक्त तिचा जॉब चेंज केलाय मॅडम, बाकी सगळं तेच आहे." तेच कसं असेल? आशा सेविकेला घंटाच नसते. तिला कुणी रात्री दोनला बोलावतं, कुणी बोलावतच नाही. घड्याळ गेलं म्हणजे माझी पन्नास मिनिटंही गेली. महिनाभर झगडून मी घंटेच्या जागी बाळंतपणं आणली.

पाचव्याला फोन आला की कोकणातलं युनिटचं राहणं-खाणं परवडत नाहीये. मुरबाडच्या बाजूला एक गाव बघितलंय, निर्मात्याच्या मेहुण्याचं फार्महाऊस तिथे आहे. "तिकडे तळं आहे मस्त. समुद्राऐवजी तळं चालेल ना?"

मी फोनवर म्हणाले, "अहो, तळ्याला ओहोटी नसते."

पलीकडे थोडी शांतता. मग, "ते तुम्ही बघा ना काहीतरी. तुम्ही रायटर आहात."

आठ दिवस काही सुचलं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी मी तलावपाळीवर जाऊन बसले. समोर मासुंदा तलावात पायडलच्या बोटी गोल गोल फिरत होत्या, मागे गडकरी रंगायतनच्या बाजूने प्रयोगाला आलेली माणसं उतरत होती. एक आजोबा नातवाला तलावाच्या पायऱ्या दाखवत सांगत होते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आणखी पायऱ्या दिसतात. आणि मला बारवी धरण आठवलं. मुरबाड-बदलापूरच्या मधलं, एमआयडीसीचंच, ज्याच्या पाण्याखाली गावं गेली. ओहोटी सहा तासांची कशाला हवी? सहा महिन्यांची करू. मे महिन्यात पाणी खाली जातं, बुडालेल्या गावाचा जुना रस्ता वर येतो, आणि पावसाळ्यापर्यंत बाईला पलीकडे चालत जाता येतं. ज्या वर्षी पाऊस लवकर येईल त्या वर्षी काय? तो शेवट.

घरी येऊन रात्रभर लिहिलं. त्या रात्रीइतका आनंद मला अडीच लाखांतल्या एकाही रुपयाने दिला नसता, आणि तुम्हाला हे नेमकं माहीत आहे. आमच्यातला प्रत्येक जण त्या एका रात्रीसाठी लिहितो हे ओळखूनच तुम्ही "रिलीज झाल्यावर" म्हणता.

पुढचं भराभर सांगते. एकूण सात ड्राफ्ट, सोळा महिने, ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने वर्सोव्याच्या एकवीस फेऱ्या. शूटिंग एकोणीस दिवसांत उरकलं. साइनिंगचे आणि बाउंड स्क्रिप्टचे पैसे तुकड्यातुकड्याने मिळाले. शूटिंगच्या ७५ हजारांतले ४० आले, उरलेले "शेड्यूल संपल्यावर" होते. म्हणजे हातात १,१५,०००, महिन्याला पडले सात हजार दोनशेच्याही आत. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला तो वेगळाच. तोही शेवटच्या ४० हजारांवरचा सरकारकडे भरलाच नाही. २६एएस, म्हणजे इन्कम टॅक्सकडे माझ्या नावावर जमा कराचा तक्ता, उघडून बघितला तेव्हा कळलं की माझे चार हजार वाटेतच कुठेतरी उतरलेत.

सिनेमा एका महोत्सवात दाखवला गेला. मी सहाव्या रांगेत होते. संपल्यावर प्रेक्षकांतून एका मुलीने विचारलं, बुडालेला रस्ता वर येण्याची कल्पना कशी सुचली? माझा मित्र माइक हातात घेऊन म्हणाला, "लोकेशन बघायला गेलो होतो, तेव्हा सुचलं." तो खोटारडा माणूस नाही. त्याला तसंच आठवत असणार. सोळा महिने एकच गोष्ट दोघांनी चघळली की कुठला घास कुणाचा हे विसरायला होतं. म्हणून तर कागदावर तारखा लागतात. श्रेयनामावलीत 'पटकथा' या शब्दाखाली त्याचं नाव आधी आणि माझं नंतर होतं. करारात ते उलट होतं.

आणि शेवटचा एक लाख? सिनेमा थिएटरात लागलाच नाही. दीड वर्षाने एका अॅपवर आला. मी फोन केला. निर्माते अतिशय गोड बोलले. करारात 'थिएट्रिकल रिलीज' असं लिहिलंय, ते झालेलंच नाही, सबब हप्ता देय होत नाही. मी करार काढून बघितला. खरंच तसं लिहिलं होतं. त्याच करारात दुसऱ्या पानावर असंही होतं की माझ्या पटकथेचे सर्व हक्क आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागतील त्या सर्व माध्यमांत, संपूर्ण ब्रह्मांडात, कायमचे त्यांचे. बाबांना वाचून दाखवलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, "मंगळावर पिक्चर लागला तरी त्यांचा. आणि ठाण्यात नाही लागला तर तुझा तोटा?"

त्यांच्या या एका वाक्यापुढे माझ्या वकील मैत्रिणीने सांगितलेला कायदा फार वेगळा नाही. तो थोडक्यात मांडते, कारण तुमच्यातल्या पुष्कळांना तो खरंच ठाऊक नसतो, आणि आमच्यातल्या त्याहून जास्त जणांना नसतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर तिच्यासाठी पोटतिडकीने बोलले होते. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा कायदा म्हणूनच ती लोकांच्या लक्षात राहिली, पण पटकथाही साहित्यकृतीच आहे. सिनेमागृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर मार्गांनी त्या लेखनाचा वापर झाला तर त्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा आहे, आणि हा हक्क लेखकाला सोडूनही देता येत नाही. सही केली तरी नाही. म्हणजे थिएटर सोडून अॅपवर आलेल्या माझ्या सिनेमाने करारातला हप्ता टाळला आणि थेट कायद्यातल्या त्या वाक्यात येऊन उभा राहिला. रॉयल्टी मला आजतागायत मिळालेली नाही, हे सांगायला नकोच. हक्क कागदावर असणं वेगळं आणि एक लाखासाठी वकील लावणं वेगळं. हे तुम्हालाही कळतं.

आणखी एक. ज्याने सही करून हक्क दिले नाहीत, त्या स्वतंत्र लेखकाची पटकथा त्याचीच असते. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. दिलेले हक्क घेणाऱ्याने वर्षभर वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते संपुष्टात येतात. कलम १९, पोटकलम ४. तुमच्या छापील करारांत या पोटकलमाचं नाव घेऊन "हे लागू होणार नाही" असं एक वाक्य असतं. ते का असतं हे मला खूप उशिरा कळलं. माझी एक पटकथा त्या वाक्याखाली सहा वर्षं पडून आहे. निर्मात्याने दरम्यान सिनेमाचा नाद सोडून बदलापूरला प्लॉटिंग सुरू केलंय. पटकथा ना तो काढतो, ना मला दुसऱ्याला देता येते.

"एक वनलाइनर पाठवून ठेवा ना, बघतो" याबद्दलही बोलायला हवं. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. वनलाइनर म्हणजे नुसती कल्पना. ती मी पाठवते तेव्हा कायद्याच्या छत्रीबाहेर उभी राहून पाठवते. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, म्हणजे पूर्वीच्या फिल्म रायटर्स असोसिएशनकडे, नोंदणी केल्यावर अमुक तारखेला हे लिखाण माझ्याकडे होतं याचा पुरावा राहतो, आणि म्हणून मी पानं लिहून, नोंदवून मगच कुणाकडे जाते. याचा राग मानू नका. तुमच्या प्रामाणिकपणावर हा शेरा नाही. बाबांनी सख्ख्या मेहुण्याच्या कंपनीलाही चलनाशिवाय पिना दिल्या नाहीत.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एका निर्मात्याने मला त्याची एक्सेल शीट दाखवली होती. कॅमेऱ्याचं भाडं, लाइट, डबिंग, मिक्सिंग, डीआय, सेन्सॉर, प्रसिद्धी. जमेच्या बाजूला पहिली ओळ होती सरकारी अनुदान, 'अ' दर्जाचे ४० लाख मिळतील या आशेवर, आणि कंसात 'ब' दर्जा धरला तर ३०. तिसरी शक्यता त्याने लिहिलीच नव्हती. त्याने डोंबिवलीची खोली विकली होती. असा माणूस समोर बसला की पैसे मागताना जीभ उचलत नाही.

पण त्याच शीटमध्ये मी बघितलं की लाइटवाल्यांचे पैसे रोजच्या रोज आहेत. ते मिळाले नाहीत तर टेम्पोतून स्टँड उतरतच नाही. कॅमेरा डिपॉझिटशिवाय भाड्याच्या दुकानातून बाहेर येत नाही. जेवणवाला दर तीन दिवसांनी. जनरेटर आगाऊ. "रिलीज झाल्यावर" हा शब्द फक्त दोन ओळींपुढे होता, लेखक आणि संगीतकार. यात गंमत अशी की त्या शीटमधली सर्वांत आधी तयार झालेली वस्तू माझी. तीच दाखवून तुम्ही पैसा उभा करता, नटाच्या तारखा घेता, मेहुण्याचं फार्महाऊस मिळवता. बाकी सगळे तुमच्याकडे पैसे आल्यावर कामाला लागतात. मी पैसे यावेत म्हणून आधी काम करते.

हे सगळं मी एकदा रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गाळा विकून बरीच वर्षं झाली, पण हिशोब डोक्यात पक्का. आमटीत पोळी बुडवत म्हणाले, "सोळा महिने काम केलंस आणि पैसे माल विकल्यावर घेणार होतीस. म्हणजे तू भांडवल घातलंस की. मग वह्या बघायचा हक्क तुला का नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुमची घेणेकरी, म्हणजे जिचं येणं तुमच्याकडे थकलंय अशी कुणीतरी. बाबांच्या भाषेत मी तुमची फायनान्सर होते, बिनव्याजी, आणि नफ्यात शून्य टक्के.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. एक तर मला मजूर धरा, नाहीतर भागीदार धरा. मजूर धरणार असाल तर रक्कम कितीही लहान असू दे, तारीख पानांना बांधा, रिलीजला नको. पहिला ड्राफ्ट हातात पडला की पंधरा दिवसांत अमुक, दुसरा पडला की अमुक. समुद्राचं तळं केलंत तर ते नवं ड्रॉइंग, त्याचा नवा रेट. लहान उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची मर्यादा आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तो कायदा पिना करणाऱ्यांसाठी असावा असं मला वाटायचं. पण सेवा देणाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, आणि मी ती केली आहे. त्या व्याजाची धमकी मला कुणाला द्यायची नाहीये. ४५ हा एक आकडा आहे एवढंच म्हणते. मालिकावाले नव्वद दिवस लावतात, पण नव्वद हाही आकडाच आहे, दूधवाल्याला सांगता येतो. "रिलीज झाल्यावर" दूधवाल्याला सांगता येत नाही.

आणि भागीदार धरणार असाल तर फारच छान. मी पैसे मागणारच नाही. किती टक्के ते कागदावर लिहा, अॅपकडून, टीव्हीकडून, अनुदानातून जे येईल त्यात ते टक्के धरा, आणि वर्षातून एकदा हिशोबाची वही दाखवा. डोंबिवलीची खोली विकणाऱ्या माणसाबरोबर मी आनंदाने बुडेन. फक्त बुडताना मला माहीत हवं की मीही होडीत होते. शूटिंग दोन वर्षांत लागलं नाही तर पटकथा माझ्याकडे परत, हे दोन्हीकडे सारखंच.

कमी पैशांचं मला वावडं नाही, हेही सांगते. कळव्याच्या एका मुलासाठी मी पाच हजारांत लघुपट लिहिला. त्याने शब्द दिला होता पाच तारखेचा. चार तारखेला रात्री जीपेवर पैसे आले, खाली लिहिलेलं, "ताई, एक दिवस आधी, कारण उद्या पगार झाला की खर्च होतील." त्या मुलाचा फोन मी आजही रात्री बाराला उचलते.

माझ्याही बाजूला खोट आहे. एका दिग्दर्शकाकडून मी साइनिंग घेतलं आणि ड्राफ्ट चार महिने उशिरा दिला, कारण मध्येच एका मालिकेचं रोजचं काम आलं आणि घरभाडं समोर दिसत होतं. त्याचं शूटिंग पावसाळ्यात गेलं. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढचा सिनेमा दुसऱ्याकडून लिहून घेतला, आणि बरोबरच केलं. तारखा दोन्ही बाजूंनी लागतात. उशिराचा दंड माझ्यावर लावायचा असेल तर तोही करारात लिहा.

पैशाचा नसलेला एक मुद्दा राहिला, पण त्याने मला रात्री जास्त त्रास होतो. संवाद रोमनमध्ये मागू नका. कॅमेरामन मराठी नाही, असिस्टंट दिल्लीचा आहे, सगळं समजतं. त्यांना इंग्रजीत सीनचा सारांश देते, फुकट देते. पण नटाच्या हातात देवनागरीच पान जाऊ दे. एका वाचनाला माझं वाक्य होतं, "मला काल कळ आली." रोमनमध्ये काल आणि कळ एकाच तीन अक्षरांत लिहिले गेले. समोरच्या गुणी मुलीने ते तीन वेळा तीन प्रकारे वाचलं, आणि एकदाही तिच्या पोटात दुखलं नाही. मराठीला आता अभिजात भाषेचा दर्जा आहे म्हणे. निदान मराठी सिनेमाच्या सेटवर तिचा ळ तरी शाबूत राहावा.

तलावपाळीवर आजही संध्याकाळी मी फिरायला जाते. कुणाला भेटायचं असेल तर वर्सोव्याला बोलावण्याआधी एकदा इकडे या. चहा माझ्याकडून.

आपली,
पाचपाखाडीतली एक पटकथालेखिका

ता. क. मंगळवारी फोन करणाऱ्या भावासाठी: तुझा विषय मी या अख्ख्या पत्रात कुठेही फोडलेला नाही, लक्षात आलं असेलच. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. माझं उत्तर हो आहे, मजूर की भागीदार ते तू ठरव. मध्यंतराच्या आधी आई दार उघडते ना, तो सीन चार दिवस डोक्यातून जात नाहीये. तिने ते दार उघडूच नये असं मला वाटतं. मग मुलगा कुठून आत येतो, तेही सुचलंय. ते पहिल्या हप्त्यानंतर.